ट्रकसाठी टीपीएमएस किट: सेन्सर चांगले, पण बॉक्समधल्या रबरी नळ्या लावूच नका

दहा चाकी ट्रकला टीपीएमएस, म्हणजे चाकांमधला हवेचा दाब सतत दाखवणारी सिस्टीम, लावलीय: व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी लावायचे सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा मॉनिटर, असं किट घेतलंय. ऊन, पाऊस, घाट, खराब रस्ते सगळ्यात वापरून झालंय, म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच साच्यातले किट वेगवेगळ्या स्टिकरखाली विकले जातात आणि यांचे प्रॉब्लेम पण साधारण सारखेच असतात. थोडक्यात सांगायचं तर वस्तू कामाची आहे, पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार का कापले ते खाली येतंच. आणि बरेच लोक "सारखा खोटा अलार्म वाजतो" म्हणून हे काढून फेकतात ना, त्यातले बरेचसे अलार्म खोटे नसतातच, ते कशाबद्दल वाजतायत हे माहितीपत्रकात धड लिहिलेलं नसतं एवढंच.

आधी चांगलं सांगतो. पेअरिंग सोपं आहे, मॉनिटरवर चाकांचं चित्र येतं, जागा निवडायची, त्या चाकाचा सेन्सर व्हॉल्व्हवर फिरवायचा, हवेचा दाब लागला की सेन्सर जागा होतो आणि आकडा येतो. प्रत्येक सेन्सरवर कुठल्या चाकाचा ते पेंट मार्करने लिहून ठेवा, बॉक्समधले स्टिकर पहिल्या धुलाईलाच निघून जातात. टायर रोटेट केले की जुन्या जागेचा सेन्सर त्याच जागेवर परत लावायचा, म्हणजे पुन्हा पेअर करायची भानगड नाही. टायरवाल्याकडे घाईत सेन्सर इकडचा तिकडे झाला तर मॉनिटर डावीकडचा मागचा टायर खाली म्हणून ओरडतो आणि तुम्ही ज्या टायरला हवा मारताय तो ठणठणीत असतो, हे लक्षात असू द्या. अलार्मच्या जागी गेलात आणि साध्या गेजने हवा बरोबर दिसली तर आधी सेन्सरवरचा नंबर वाचा, मग किटला शिव्या द्या.

आता मोठा प्रॉब्लेम, जोडचाकं, म्हणजे मागे एकाच बाजूला शेजारी शेजारी असलेली दोन चाकं. मागच्या आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही म्हणून किटसोबत रबरी एक्स्टेन्शन नळ्या दिल्यात. त्या नळ्या म्हणजे या किटमधला सगळ्यात वाईट भाग. हिशोब करा, ऐंशीच्या स्पीडला ट्रकचं चाक सेकंदाला साधारण सहा-सात फेऱ्या घेतं, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाला लटकवलेल्या सेन्सरवर त्याच्या वजनाच्या तीसेक पट ओढ बसते, आणि ती एकदा नाही, सतत. वरून खड्ड्यांचे हादरे. नळी धरून ठेवायला काही नसेल तर ती डिस्कच्या भोकाच्या कडेला घासते, मुळाशी वाकत राहते आणि चिरते. चीर इतकी बारीक असते की उभ्या गाडीत हवा जात नाही, चाक फिरायला लागलं आणि नळी ताणली गेली की जाते. म्हणजे गॅरेजमध्ये तपासलं की सगळं ओके आणि रस्त्यावर लागलं की आतल्या टायरचा आकडा हळूहळू खाली. डोकं फिरतं. माझ्याकडे हेच झालं. टायर काढून पाण्यात बुडवला, पंक्चर नाही, व्हॉल्व्हची पिन बदलली, तरी तेच. शेवटी नळी हाताने वाकवून साबणाचं पाणी टाकलं तेव्हा बुडबुडे आले.

उपाय असा की रबरी नळ्या बाजूला ठेवा, आतल्या टायरला धातूचा वाकडा लांब व्हॉल्व्ह बसवून घ्या. ते जमत नसेल तर स्टीलच्या जाळीचं आवरण असलेली नळी घ्या आणि तिचं बाहेरचं टोक व्हील नटला लावायच्या पट्टीत घट्ट अडकवा, हलता कामा नये. पुढच्या चाकांना पण रबरी व्हॉल्व्ह असेल तर हेच, वर वजन लावायचं म्हणजे व्हॉल्व्ह धातूचाच पाहिजे. आणि धातू म्हणताना अजून एक, पितळेच्या व्हॉल्व्हवर ॲल्युमिनियमच्या आट्यांचा सेन्सर बसवला आणि पावसात, खाऱ्या हवेत ठेवला तर दोन धातू एकमेकांना खातात आणि सेन्सर असा जाम बसतो की काढताना व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. आट्यांना आतून पितळेची बुश असलेले सेन्सर मिळतात, ते बघून घ्या. नसतील तर अधूनमधून उघडून, साफ करून परत लावत जा.

दुसरी गोष्ट जी बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे होती. टोपणासारखा लावायचा सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतो, नाहीतर त्याला आतला दाब कळणारच नाही. म्हणजे सेन्सर लावलेला असताना हवा अडवायचं काम पिन करत नाही, सेन्सरच्या आतला छोटा रबरी वॉशर करतो. वॉशर तिरका बसला, त्यात माती गेली किंवा पान्याने जोर लावून आवळल्यामुळे कापला गेला तर हवा जाणार, आणि मग सेन्सर इमानदारीत सांगणार की हवा कमी होतेय, ती त्याच्यामुळेच जातेय हे काही तो सांगणार नाही. म्हणून नियम एकच, सेन्सर बसवला की लगेच साबणाचं पाणी. हाताने घट्ट करायचा, त्यानंतर चोरी होऊ नये म्हणून खालचा नट दिलाय तो पान्याने वर आणून बेताने लॉक करायचा. हळूहळू हवा जाण्याची तक्रार असेल तर टायर उघडण्याआधी सेन्सर काढा, साधं टोपण लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी गेजने बघा. हवा तेवढीच राहिली तर टायर निर्दोष, वॉशर बदला. एवढ्या साध्या टेस्टने टायर खोलायची मजुरी वाचते, आणि ही टेस्ट माहितीपत्रकात कुठेच नाही!

सेटिंगकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त बोंबाबोंब इथेच असते. मॉनिटरमध्ये आधीपासून भरलेले आकडे ट्रकसाठी नव्हतेच. तुम्हाला मूळ दाब स्वतः टाकायचा असतो आणि तो थंड टायरचा टाकायचा, म्हणजे गाडी किमान तीन-चार तास उभी असताना, उन्हात नाही, चालवून आल्यावर तर नाहीच. आकडा गाडीच्या प्लेटवरचा किंवा टायर कंपनीच्या लोड टेबलमधला, एक्सलवर किती वजन पडतं त्याप्रमाणे. टायरच्या बाजूला छापलेला असतो तो बहुतेक कमाल लोडसोबतचा दाब असतो, तो डोळे मिटून सगळीकडे टाकू नका.

आता उदाहरण घ्या. थंड टायरला ११० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), बाहेर २० अंश. गाडी लोडमध्ये पळाली, टायरच्या आतली हवा ६० अंशांवर गेली, तर गेज दाखवणार साधारण १२७. काही बिघडलेलं नाही, हवा गरम झाली की दाब वाढणारच, ट्रकच्या टायरमध्ये ढोबळमानाने दर १० अंशांना ४ पीएसआय धरा. आता जास्तीच्या दाबाचा अलार्म १० टक्क्यांवर ठेवला असेल तर तो १२१ ला वाजायला लागतो, म्हणजे रोज दुपारी, रोज घाटात. मग ड्रायव्हर वैतागतो, उतरतो आणि हवा सोडतो. हे करू नका हो! १२७ वरून ११० वर आणलेला तोच टायर सकाळी २० अंशांना ९५ दाखवणार आणि मग कमी दाबाचा अलार्म. झालं, आता माणूस म्हणतो मशीनच येडं आहे, कधी जास्त म्हणतं कधी कमी म्हणतं. मशीन दोन्ही वेळा खरं बोलत होतं. जास्तीची मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, गरम टायरची हवा कधी सोडू नका, हा त्रास संपतो.

थंडी सुरू झाली की उलटा प्रकार. ३० अंशांना ११० भरलेला टायर १५ अंशांच्या पहाटे १०४ च्या आसपास दिसतो. पंक्चर नाही, ऋतू बदललाय. सगळे टायर सारखेच खाली आले असतील तर हवामान, एकच आला असेल तर तो टायर. हा फरक कळायला लागला की निम्मं काम झालं. ऋतू बदलला की थंड टायरला हवा पुन्हा बरोबर करून घ्यायची, मॉनिटरमधला मूळ आकडा मात्र तोच राहू द्यायचा. काही लोक अलार्म बंद व्हावा म्हणून मूळ आकडाच कमी करून टाकतात, मग मशीन कशाला घेतलंत राव.

कमी दाबाची मर्यादा किती ठेवायची यावर माझं मत पक्कं आहे, १० ते १२ टक्के. २० वर ठेवू नका. टायर क्षेत्रात जुना नियम आहे की शिफारस केलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली चाललेला टायर रनफ्लॅट धरायचा, म्हणजे तो काढून आतून तपासल्याशिवाय त्यात हवा भरायची नाही, कारण बाजूच्या भिंतीतल्या स्टीलच्या तारा वाकून वाकून कमजोर झालेल्या असू शकतात आणि हवा भरताना झिप उघडल्यासारखी अख्खी भिंत फाटते. माणसं मेलीत त्यात. ११० च्या टायरला ८० टक्के म्हणजे ८८. तुमचा पहिला अलार्मच ८८ ला वाजणार असेल तर तो सावध करण्यासाठी नाही, टायर तपासायला काढा हे सांगण्यासाठी वाजतोय. जोडचाकात हे जास्त महत्त्वाचं, कारण आतला टायर बसला तरी शेजारचा वजन उचलून धरतो, गाडी झुकत नाही, स्टिअरिंगला काही कळत नाही. टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, मारून आवाज ऐकायची पद्धत आहे ती पूर्ण सपाट टायर ओळखायला ठीक, ११० आणि ९० मधला फरक टॉमीने कुणालाच कळत नाही, कितीही जुना ड्रायव्हर असू दे.

आकड्याच्या जागी नुसत्या रेघा येणं, म्हणजे सिग्नल गेला, ही वेगळीच कटकट. इथे टायरला हात लावायची गरज नसते. दोन कारणं असू शकतात, सेन्सर बोलत नाही किंवा मॉनिटरला ऐकू येत नाही. ओळखायचं कसं, तर रेघा येणाऱ्या चाकाचा सेन्सर काढून पुढच्या चाकावर लावा आणि पुढचा तिकडे. मॉनिटर सेन्सरला त्याच्या आयडीने ओळखतो, जागेने नाही, त्यामुळे स्क्रीनवर तो जुन्याच जागी दिसेल, त्यात गोंधळू नका. पुढे आणल्यावर पण त्याच सेन्सरच्या रेघा राहिल्या तर बॅटरी किंवा सेन्सर गेला. रेघा दुसऱ्या सेन्सरच्या नावावर गेल्या तर जागेचा दोष, तिथून सिग्नल पोचत नाहीये.

बॅटरी गोल चपटी, नाण्यासारखी, घरी बदलता येते. मीटर लावून तीन व्होल्ट दिसले म्हणून ती चांगली समजू नका, सिग्नल पाठवताना एकदम करंट ओढला जातो तेव्हा जुनी बॅटरी कोसळते, थंडीत तर लवकरच. पहाटे रेघा आणि दुपारी आपोआप आकडा, असं दिसलं की सरळ बॅटरी बदला. बदलताना झाकणाचा रबर नीट बसवा, आत पाणी गेलं की सेन्सर कायमचा गेला.

सिग्नल पोचत नसेल तर रिपीटर, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, लागतो. माझ्या लांबीच्या गाडीला मागच्या एक्सलचा सिग्नल मधेमधे तुटायचा, मधला चासिस, डिझेलची टाकी, बॉडी, सगळं लोखंड. रिपीटर चासिसवर मागच्या बाजूला लावला, वायरिंग नीट केलं, तक्रार संपली. पण रिपीटर बॉक्समध्ये नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि बॉक्सवर ट्रकचं चित्र छापलंय! अर्धा स्टार इथे कापला. ट्रेलर असेल तर रिपीटरशिवाय घेऊच नका. रिपीटर घ्यायच्या आधी एक फुकटची तपासणी करा, केबिनमधले मोबाईल चार्जर, डॅशकॅम, स्वस्तातल्या एलईडी पट्ट्या एकेक करून बंद करून बघा. हे सेन्सर ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, आवाज बारीक असतो, आणि हलक्या प्रतीचा चार्जर शेजारी लावला की त्याच्या गोंगाटात सेन्सर ऐकूच येत नाही. मॉनिटरची वायर आणि चार्जर एकाच सॉकेटच्या जोडणीवर ठेवू नका. बाहेरून सुटे सेन्सर मागवताना पण फ्रिक्वेन्सी बघा, उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झचे असतात, दिसायला डिट्टो सारखे, पण पेअर होणार नाहीत म्हणजे नाहीत.

तापमानाच्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. सेन्सर बाहेर वाऱ्यात असतो, त्यामुळे टायरच्या आतलं खरं तापमान तो कमीच दाखवतो. पण शेजाऱ्याशी तुलना करायला उपयोगी. एकाच एक्सलचं एक चाक दुसऱ्यापेक्षा सारखं पंधरा-वीस अंश जास्त दाखवत असेल आणि दाब ठीक असेल तर टायर सोडा, त्या बाजूचा ब्रेक घासतोय का आणि हबचं बेअरिंग कसं आहे ते बघा. यासाठी मात्र किटला पूर्ण मार्क.

गेज आणि मॉनिटरमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक असतोच, त्यावरून भांडत बसू नका, बहुतेक वेळा हवा मारण्याच्या नळीवरचा गेजच आपटून आपटून चुकलेला असतो. डोंगराळ भागात जाणाऱ्यांसाठी अजून एक, समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय, दीड हजार मीटरवर साधारण सव्वाबारा. काही सेन्सर आतला पूर्ण दाब मोजून त्यातून ठरावीक आकडा वजा करतात, काही खरा फरक मोजतात, त्यामुळे वर गेल्यावर मॉनिटर आणि गेज जुळत नाहीत. दोघांचं आपापल्या जागी बरोबर असतं.

ज्यांच्या गाडीत कंपनीचीच सिस्टीम आहे त्यांनी डॅशवरच्या दिव्याकडे नीट बघा. चावी फिरवल्यावर तो मिनिटभर, कधी त्याहून थोडा जास्त, लुकलुकला आणि मग लागून राहिला तर सिस्टीममध्ये बिघाड, सेन्सर, वायर, रिसीव्हर असं काहीतरी. न लुकलुकता सरळ लागून राहिला तर कुठल्यातरी टायरची हवा खरंच कमी. बऱ्याच गाड्यांत असंच असतं, तरी आपल्या गाडीचं पुस्तक एकदा बघून घ्या. चाकाच्या आतले सेन्सर जास्त अचूक आणि सुरक्षित, चोरीची भीती नाही, पण बॅटरी सीलबंद असते, पाच ते दहा वर्षांत संपली की अख्खा सेन्सर बदला, आणि टायर खोलताना टॉमी त्यावर बसली की खेळ खलास. पंक्चरचं चिकट लिक्विड आत टाकलंत तर सेन्सरचं भोक बुजू शकतं, मग तो जुनाच आकडा दाखवत बसतो. ट्यूबवाल्या टायरला आतले सेन्सर चालतच नाहीत, तिथे टोपणवालेच घ्यावे लागतात.

युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या ट्रक, बस आणि जड ट्रेलरना ही सिस्टीम सक्तीची झाली. अमेरिकेचा २००७ पासूनचा नियम मात्र १०,००० पाउंडांपर्यंतच्या गाड्यांपुरताच आहे, मोठा ट्रक त्यात येत नाही. त्यामुळे जुन्या आणि मोठ्या गाड्यांना बाहेरून किट लावणं बरेच दिवस चालणार असं दिसतंय.

सर्व्हिसबद्दल. एक सेन्सर लवकर बंद पडला, कंपनीला कळवलं तर त्यांनी बंद असल्याचा व्हिडिओ मागितला, पाठवला, मग बॅटरी बदलून व्हिडिओ मागितला, तोही पाठवला, मग नवा पाठवला. देतात, पण दमवतात. आणि नवा सेन्सर आधी पेअर करावा लागतो हे सांगतही नाहीत.

हवा मारताना दरवेळी लॉक नट सैल करून सेन्सर काढायचा, हवा मारायची, परत लावायचा, परत साबणाचं पाणी, हे दहा चाकांना करायला जीव जातो. सेन्सर न काढता त्याच्यातूनच हवा मारता येते असे फ्लो-थ्रू सेन्सर मिळतात, ते जड असतात म्हणून धातूचा व्हॉल्व्ह तिथे हवाच, पण आत्ता नव्याने घ्यायचं असतं तर मी तेच घेतले असते. आणि स्टेपनीला पण एक सेन्सर लावाच, मॉनिटरमध्ये तिची जागा दिलेली असते, नसली तर सुटा सेन्सर रिकाम्या जागेवर पेअर करता येतो. तिची हवा कुणी बघत नाही, आणि गरज पडते तेव्हा तीच बसलेली निघते.